आधी माणूस दाखवा

उंबरवाडीला पोलीस पाटील म्हणून बाई येणार हे कळलं, तेव्हा गावानं ते फारसं मनावर घेतलं नाही. जागा महिलेसाठी राखीव निघाली होती, इलाज नव्हता. शुभांगीनं परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि तिचं नाव लागलं. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असा सगळ्यांनी अंदाज बांधला. तिचा नवरा अमोल ट्रॅक्टर चालवायचा, स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोक त्यालाच "काय पाटील?" म्हणून हाक मारायला लागले. एकदा बांधावरून भांडलेले दोघं जण त्याला शोधत घरी आले. शुभांगी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. ती हात झटकून उठली.

"पाटील मी हाय. ह्यांच्याकडं ट्रॅक्टरचं काम असंल तर बोला."

गाव हसलं. पण त्या दिवसापासून अमोलला कुणी पाटील म्हटलं नाही.

उंबरवाडी नांद्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला आहे. अर्धी वाडी अजून भात लावते, उरलेल्या अर्ध्या वाडीनं जमिनी विकून इमारती बांधल्या आणि हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं दिल्या. गावात काही गुन्हा घडला, कुणी बेवारस आढळलं, कसली रोगराई आली तर पौडच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हे पोलीस पाटलाचं काम. बहुतेकांच्या लेखी गुन्हा म्हणजे चोरी नाहीतर मारामारी. शुभांगीच्या लेखी तो शब्द जरा मोठा होता. तिच्या माहेरी एक मुकी आत्या होती. ती उभा जन्म त्या घरात राबली आणि हात चालेल त्याचा मार खात गेली. लहानपणी शुभांगीनं विचारलं होतं, आत्याला का मारता? "तू गप," एवढंच उत्तर मिळालं होतं. गप बसणं तिला काही जमलं नाही. सासरी आल्यावरही नाही.

गेणबाची गोष्ट तिच्या कानावर आली ती पिठाच्या गिरणीत.

बुद्धविहारापाशी राहणारी इंदूबाई भावकीतल्या एकनाथच्या इमारतीतला जिना झाडायला जायची. गिरणीच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून तिनं हीच जागा धरली असावी. शुभांगीच्या शेजारी डबा ठेवत ती कानाशी वाकली.

"पाटलीणबाई, गेणबा आश्रमात न्हाई."

"मग कुटं हाय?"

"हितंच. बिल्डिंगच्या मागं जुना गोठा हाय न्हवं? त्यात. सकाळी जिना झाडताना बैल हाकल्यागत आवाज येतोय. आता त्या अंगाला बैल कुणाकडं हायेत? आवाज गेणबाचाच. मी काय आज वळखत्ये का त्याला?"

"पक्कं?"

"पक्कं. पर माजं नाव घिऊ नका. जिना गेला तर मी खायाचं काय?"

गेणबा हा एकनाथचा थोरला भाऊ, शुभांगीचा चुलत दीर. वय पन्नाशीचं. जन्मापासून बुद्धीनं मंद. आकडेमोड, लिहिणं-वाचणं त्याला कधी जमलं नाही, बोलणंही मोजकंच. पण बैल त्याचं ऐकायचे तसं दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत, आणि चिखलणीच्या दिवसांत लोक त्याला हक्कानं बोलावून न्यायचे. त्याची आई सगुणाबाई असेपर्यंत त्याला काही कमी पडलं नाही. मग जमिनीचा एक तुकडा विकला, बैल विकले, रस्त्याकडेच्या रानात एकनाथनं चार मजले चढवले. सगुणाबाई वारल्या आणि काही दिवसांत गेणबा दिसेनासा झाला. "नगर रोडला आश्रमात ठिवलाय," एकनाथ सांगायचा. बरं झालं, म्हणून लोक पुढं जायचे. ते बरं झालं म्हणण्यात सगळ्यांचीच सुटका होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगी एकनाथच्या दारात उभी राहिली.

"भावजी, गेणबादादांना भेटायचंय. आश्रमाचं नाव सांगा."

एकनाथ अमोलपेक्षा लहान, तिला वैनी म्हणायचा. "लई लांब हाय वैनी. कशाला तरास घेता?"

"तरास माझा हाय. नाव सांगा."

"नाव... कुण्या महाराजांच्या नावानं हाय."

"मग फोन लावा. नुसता आवाज ऐकते."

"तितं फोनबिन देत न्हाईत."

"बरं," असं म्हणून शुभांगी वळली ती थेट इमारतीच्या मागं. एकनाथ धावत येऊन आडवा होईपर्यंत ती गोठ्याच्या पत्र्याच्या दारापाशी पोचली होती. दाराला कुलूप होतं. तिनं हाक मारली, "गेणबादादा!"

आत काही हललं. मग साखळी जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

"वैनी, मागं व्हा," एकनाथ म्हणाला. "ही घरची गोष्ट हाय."

"घरची असती तर घरात असती. ही गोठ्यात हाय."

आवाज ऐकून एकनाथची बायको पिंकी धावत आली. शुभांगीला वाटलं होतं, ही तरी मान खाली घालेल. पिंकी उलट अंगावरच आली.

"तुमाला काय जातंय बोलायला, जाऊबाई? दोनदा रस्त्यावर पळाला, डंपरखाली जाता जाता वाचला. अंगावरची कापडं काढून फेकतो, भाड्याच्या पोरी किंचाळत्यात. त्याचं हागणं-मुतणं कुणी धुतलं? मी धुतलं. सगुणाआत्यांच्या तेराव्याला सगळी भावकी जेवून गेली. गेणबाचं आता कसं करायचं, असं एकानं तरी इचारलं का? तुमी इचारलं?"

पिंकीचं बोलणं खरं होतं.

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "चुकलं. त्यासाठी मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घीन. पर साखळी घालाय तो काय जनावर हाय? कुलूप काढ."

पिंकीनं नवऱ्याकडं पाहिलं. एकनाथनं नकारार्थी मान हलवली आणि तो शुभांगीला म्हणाला, "भावकीत राहायचंय न्हवं तुमाला?"

"राहायचंय. म्हणून तर आलेय."

तिनं तिथंच उभं राहून पौडला फोन लावला, आधी पोलिसांना आणि मग तहसील कार्यालयात. पोलीस पाटलांच्या प्रशिक्षणात तिला एक गोष्ट सांगितली होती: अपंग माणसावर कुणी, अगदी घरच्यांनीही, अत्याचार करत असेल, तर तहसीलदारांकडं दंडाधिकारी म्हणून तक्रार करता येते आणि ते त्याला सोडवायचा हुकूम देऊ शकतात. तहसीलदार मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर आणि पोलीस घेऊन आपण स्वतः येतो, पण दुपार होईल, असं त्या म्हणाल्या.

आता इथून हललं तर गोठा रिकामा सापडेल, हे शुभांगी ओळखून होती. कोपऱ्यात सिमेंटनं माखलेलं एक घमेलं पडलं होतं. ते पालथं घालून ती गोठ्याच्या दाराला पाठ लावून बसली.

बातमी वाडीभर झाली. एकेक करत भावकीतली माणसं जमली. आबा सगळ्यांत वडीलधारे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"पोरी, ऊठ," आबा म्हणाले. "आपल्या घरातली भांडणं आपण मिटवू. पौडची माणसं आली तर अब्रू जाईल."

"आबा, तुमी आधी दार उघडून आत बघा. मग अब्रूचं बोलू."

"एकनाथ काय कसाई हाय का? मारला तर न्हाई ना त्यानं?"

"मारायचं काय राह्यलंय?"

कुणीतरी म्हणालं, बाईला पद दिलं की असंच होतं. एकनाथचा साडू म्हणाला की हिला पाटीलकीवरून काढायचा अर्ज आजच्या आज देऊ. "द्या की," शुभांगी म्हणाली. "शुद्ध लिहा म्हंजे झालं." तिचा आवाज चढला होता, पण समोर उभी होती ती काही परकी माणसं नव्हती. तिच्या लग्नात अक्षता टाकलेली माणसं होती, तिच्या पोरांना खांद्यावर खेळवलेली.

एवढ्यात अमोल आला. सगळे त्याच्याकडं वळले. "अमोल, बायकोला आवर," आबा म्हणाले.

अमोलनं गोठ्याच्या कुलपाकडं पाहिलं. मग तो निघून गेला. भर दुपारी तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी होती. बाटली तिच्या हातात देऊन तो शेजारी मातीत मांडी घालून बसला.

"आबा," तो म्हणाला, "पाटील ती हाय. मी ट्रॅक्टरवाला."

त्यानंतर आवर म्हणायला कुणी पुढं आलं नाही.

दुपार कलली तशी तहसीलदारांची गाडी आली. मागं पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका. चावी हरवली, असं एकनाथनं सांगितलं. पोलीस कुलूप तोडायला काही मिळतंय का पाहू लागला. तेव्हा पिंकी घरातून आली आणि कमरेची चावी काढून तिनं ती शुभांगीच्या हातात ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "माजा बी जीव सुटंल." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

दार उघडल्यावर पहिल्यांदा बाहेर आला तो वास. आबा दोन पावलं मागं सरले. आत गेणबा भिंतीला टेकून बसला होता. दाढी छातीपर्यंत वाढलेली, अंगावर एक फाटका बनियन. घोट्याला साखळी, साखळीखाली चिघळलेली जखम. उजेडानं त्यानं डोळ्यांवर हात धरला.

पोलिसानं साखळी काढली. "चला, बाहेर चला," डॉक्टर म्हणाले. गेणबा हलला नाही. हाताला धरून उठवायला गेल्यावर तो किंचाळत भिंतीला आणखी चिकटला. बाहेर आलं की मार बसतो, एवढं त्याला या दिवसांत शिकवलं गेलं होतं.

वर गॅलऱ्यांमध्ये भाडेकरू पोरं जमली होती. दोघातिघांनी फोन उगारून शूटिंग सुरू केलं होतं. शुभांगी अंगणात आली आणि वर बघून ओरडली, "फोन खाली करा! तमाशा हाय का हा? रोज सकाळी माणूस ओरडायचा, तवा कुटं गेले होते तुमचे फोन?"

फोन खाली गेले. एक पोरगी हलक्या आवाजात म्हणाली, "आम्हाला वाटलं..." आणि ती आत गेली.

शुभांगी पुन्हा आत गेली. गेणबासमोर, थोडं अंतर ठेवून, शेणामातीतच बसली. "दादा, मी शुभांगी. अमोलची बायको. कुणी मारत न्हाई आता."

बैल जाऊन बराच काळ झाला होता, तरी त्यानं पहिलं हेच विचारलं. "बैलं कुटं हायेत?"

त्याला काहीतरी गोड सांगून बाहेर काढणं सोपं होतं. डॉक्टरांनी तशी खूणही केली. शुभांगीनं खरं तेच सांगितलं. "इकली, दादा. आता न्हाईत."

"रान?"

"रानात बिल्डिंग झाली."

गेणबा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग भिंतीला धरून उठला, लंगडत दारापर्यंत आला आणि बाहेर पाऊल टाकलं. मान वर करून त्यानं चारही मजले बघितले. तो पायऱ्यांपाशी गेला, भिंतीवर हाताचा पंजा दोनदा आपटला आणि म्हणाला, "माजं रान."

तो बोलला ते खरं होतं. जमीन दोघा भावांच्या नावावर होती.

पौडच्या रुग्णालयात गेणबाची जखम भरत आली. शुभांगी आणि अमोल आळीपाळीनं त्याच्यापाशी बसायचे. त्याला पुढं कुठं ठेवायचं, हे ठरवायला तहसीलदारांनी गेणबासकट सगळ्यांना कचेरीत बोलावलं. एकनाथवर गुन्हा दाखल झाला होता, जामीनही झाला होता. आता तो नरमाईनं बोलत होता. चांगला आश्रम बघू, सगळा खर्च मी करतो, म्हणाला. ऐकणाऱ्यांच्या माना हलल्या. एवढ्या गोंधळातून हा सरळ रस्ता सगळ्यांनाच बरा वाटला.

पण आश्रमाचं पक्कं होण्याआधी तिथंच एक गोष्ट घडली. गोठ्याचं पाटलाला कळलं कसं, असा प्रश्न एकनाथच्या वकिलानं काढला. शुभांगीनं नाव सांगायचं नाकारलं. वकील पुन्हा पुन्हा तेच विचारू लागला. बाई आकसानं वागली, कुणी काही सांगितलंच नव्हतं, असं त्याला दाखवायचं होतं. तेव्हा दाराशी उभी असलेली इंदूबाई पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. जांभळं लुगडं नेसून एसटीनं ती आपली आपण आली होती.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मी इंदूबाई. जिना झाडते ह्यांचा. आजपासनं न्हाई झाडायची. लिहून घ्या."

शुभांगी तिच्याकडं बघतच राहिली. इंदूबाईनं मात्र कुणाकडं पाहिलं नाही. तिचं लक्ष लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या हाताकडं होतं.

मग शुभांगी म्हणाली, "मॅडम, आश्रमाचं सगळे बोलले. गेणबादादांना कुणी इचारलंच न्हाई."

एकनाथ हसला. "त्याला काय कळतंय?"

तहसीलदारांनी खुर्ची पुढं ओढली. "गेणबा, तुम्हाला कुठं राहायचंय?"

"घरी."

"तिथं तुम्हाला त्रास झाला ना? दुसरीकडं चांगली सोय आहे. माणसं आहेत, जेवण आहे."

"न्हाई," गेणबा म्हणाला. आवाज त्याला बेताचा काढता येत नसे, सगळ्या कचेरीत तो घुमला. "माजं घर हाय. मी न्हाई जानार." आणि एकनाथकडं बोट करून म्हणाला, "ह्याला पाटवा."

कुणाला तरी हसू फुटलं. एकनाथचं तोंड मात्र उतरलं.

वाद बराच झाला. गेणबाच्या बाजूनं शुभांगी एकटीच बोलत होती आणि मागं हटत नव्हती. पळाला तर? विचारल्यावर ती म्हणाली, फाटकाला माणूस ठेवा. कपडे काढले तर? घालायला माणूस ठेवा. पिंकीवर पुन्हा सगळं टाकायचं नाही, हेही तिनंच ठासून सांगितलं. त्यावर पिंकीनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. शेवटी ठरलं ते असं: तळमजल्यावरची रस्त्याच्या बाजूची खोली गेणबाची. तिच्या दाराला बाहेरून कडी नको. त्याला सांभाळायला पगारी माणूस, त्याचा खर्च गेणबाच्या वाट्याच्या भाड्यातून. कायदेशीर पालक कोण, ते जिल्ह्याची समिती ठरवेल, आणि तोवर शुभांगीनं जाऊन बघून कळवत राहायचं.

गावानं हे सहजासहजी पचवलं नाही. शुभांगीला काढायचा अर्ज खरंच गेला आणि चौकशीही लागली. भावकीतल्या एका लग्नाची पत्रिका तिच्या घरी आली नाही. हळदीकुंकवाला गेली तर बायका सरकून बसायच्या. अमोलच्या ट्रॅक्टरला त्या हंगामात वाडीतली कामं मिळाली नाहीत, त्यानं पलीकडच्या गावातून धरली. एकदा शुभांगी माळवं विकायला बावधनला गेली होती. तिथं एकनाथचा साडू भेटला आणि चार माणसांत म्हणाला, "घर फोडणारी पाटलीण आली." शुभांगीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "व्हय," ती म्हणाली, "दार फोडलं असतं, पर चावी मिळाली." चौकशीत तिच्याविरुद्ध काही निघालं नाही आणि ती पदावर राहिली.

इंदूबाईचं जिन्याचं काम गेलं. गेणबासाठी सकाळी एक बाप्या ठेवला होता, पण जेवण करून घालायला कुणीतरी हवं होतं. ते काम इंदूबाईनं मागून घेतलं, आणि जिन्यापेक्षा पगार जास्त हवा, असं सांगूनच घेतलं. तिच्या हातची भाजी गेणबाला पहिल्यांदा आवडली नाही, त्यानं ताट सरकवलं. "सरकव," इंदूबाई म्हणाली, "उंद्या बी हीच हाय." आता दोघांचं रोज त्यावरून वाजतं.

उंबरवाडीत एक बदल झाला, तो कुठल्या हुकमानं झाला नाही. शुभांगी पाटीलकीच्या कामानं कुणाच्याही घरी गेली की उंबऱ्यातच विचारते, "म्हातारी कुठाय? तुमचा तो आजारी भाऊ कुठाय?" चहा पुढं आला तर कप खाली ठेवते. "आधी माणूस दाखवा. मग चहा." काही घरांना याचा राग येतो. पण ती येणार म्हणून कळलं की म्हातारीची चादर बदलली जाते, आणि एका घरात तर माळ्यावर टाकलेली आजी खालच्या खोलीत आली. शुभांगीला यातली लबाडी दिसते. "माझ्या भीतीनं का हुईना," ती म्हणते, "अंथरूण तर सुकं झालं." दुसऱ्या गावांतूनही आता तिला फोन येतात. लोक नाव सांगत नाहीत, नुसतं घर सांगतात. ती त्या गावच्या पोलीस पाटलाला घेऊन जाते. तो टाळाटाळ करायला लागला की म्हणते, "तुमी नुसते माझ्याशेजारी उभे राहा. बोलायचं मी बघते."

एकनाथ तिच्याशी अजून बोलत नाही. खटला चालू आहे. पिंकी बोलते, पण एकनाथ नसताना.

गेणबा रस्त्याकडेच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो. त्याच्या खिडकीसमोर भाडेकरू मोटारसायकली लावायचे, ते त्यानं बंद पाडलं. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या मनीषनं गाडी लावली, तर हा खुर्चीवरून उठला आणि गाडीच्या सीटवर हात आपटत ओरडला, "हितं न्हाई! माजी जागा हाय!"

मनीष गडबडून शुभांगीकडं बघायला लागला. ती इंदूबाईशी बोलत पायरीवर बसली होती.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "मालक त्ये हायेत. गाडी काढ."

मनीषनं गाडी काढली.